शुगरच्या शिबिरात हिपॅटायटिस सी का नको?

मा. संपादक, स. न.

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरच्या मराठी मंडळांत आरोग्य शिबिरांची आखणी सुरू होते. बोटाला टोचून शुगर बघायची, बीपी घ्यायचा आणि आकडा जास्त आला की सराफ्यातल्या (रात्रीच्या खाऊबाजारातल्या) खाण्यावर खापर फोडून मोकळं व्हायचं. सराफा काही निर्दोष नाही म्हणा! पण काहींच्या वाढलेल्या शुगरमागे जुना हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार, असू शकतो, आणि त्याबद्दल शिबिरात कोणी विचारतही नाही.

हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात राहतो आणि बहुतेकांना काहीच जाणवत नाही. इन्सुलिनचा निरोप पेशीत पुढे नेणारी प्रथिनं त्याच्यामुळे कमी होतात, शिवाय यकृताला सूज राहते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडत राहतं, यकृत मात्र दाद देत नाही आणि शुगर वाढते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, चाळिशी ओलांडलेल्यांपैकी ज्यांना हा संसर्ग होता त्यांना टाइप २ मधुमेह असण्याची शक्यता इतरांच्या तिपटीहून जास्त दिसली. मधुमेह असला की यकृतही लवकर खराब होतं, ते वेगळंच.

तेव्हा मंडळांनी फॉर्मवर दोन-तीन प्रश्न वाढवावेत. पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का? डायलिसिस झालं आहे का? गोंदून घेतलं आहे का? 'हो' म्हणणाऱ्याला तपासणीसाठी पाठवावं. अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नये. विषाणू अजून आहे की नाही, ते रक्तात खुद्द विषाणू शोधणाऱ्या आरएनए तपासणीतच कळतं. जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले ९५ जण बरे होतात.

विषाणू गेला म्हणजे मधुमेह गेलाच, असं नव्हे. पण अनेकांची शुगर सुधारते. म्हणूनच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर कमी करणारी गोळी) घेणाऱ्यांनी हिपॅटायटिस सीच्या गोळ्या चालू असताना शुगर वारंवार तपासावी, नाहीतर ती एकदम खाली येऊ शकते. डोस डॉक्टरांना विचारूनच बदलावा.

आणखी एक. मागे एका शिबिरात एकच टोचणी-पेन सगळ्यांच्या बोटांवर फिरताना पाहिलं. सुई बदलत होते, पेन तेच. रक्तातून पसरणाऱ्या रोगाला एवढी वाट पुरते. पेनाशिवाय चालणाऱ्या, एकदा वापरून फेकायच्या लॅन्सेट (टोचण्या) स्वस्त मिळतात. वर्गणीतून तेवढा खर्च सहज निघेल.

एक वाचक,
सुदामानगर, इंदूर