मा. कृषिमंत्री, कर्नाटक राज्य यांना खुले पत्र: आमच्या तांबड्या मातीत वाण तोलून दाखवा

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

खानापूर तालुक्यातून लिहितो आहे. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस इतका कोसळतो की जमिनीतला चुना धुऊन जातो आणि माती आम्लधर्मी होते. सामू (pH) ५.५ च्या खाली गेला की मातीतले अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांना बाधते, टाकलेला स्फुरदही (फॉस्फरस) मातीतच अडकून बसतो. भातकापणीनंतर ओलीवर पेरलेला कुळीथ अशा रानात उपटून पाहा. मुळे आखूड, टोकाला जाड. मुळांवरच्या नत्र (नायट्रोजन) धरणाऱ्या गाठी मोजक्याच, आणि एखादी नखाने फोडली तर आत गुलाबी नाही, पांढरी. म्हणजे पिकाला हवेतला नत्र मिळतच नाही.

बियाणे घेताना एकरी उतारा सांगतात. तो कोणत्या मातीत आला, हे कुणी सांगत नाही. धारवाडकडच्या काळ्या रानात पहिला आलेला वाण आमच्याकडे पहिला येईलच असे नाही.

म्हणून विनंती आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाला सांगून कुळीथ आणि चवळीचे वाण आमच्याच शेतांत शेजारीशेजारी लावा, चुना घालून आणि न घालताही. प्रत्येक वाणाचे निदान तीन वाफे हवेत, नाहीतर बांधालगतची ओल एखाद्या वाणाला फुकटचे श्रेय देऊन जाते. धान्य सारखे वाळवूनच तोलावे. एका हंगामावर निकाल देऊ नये.

पश्चिम ऑस्ट्रेलियात आम्लधर्मी रेताड जमिनीत ल्युपिन हे कडधान्य घेतात. तिथल्या राष्ट्रीय वाण चाचण्यांत त्याच्या वाणांचे उतारे ठिकाणवार जाहीर होतात. शेतकरी आपल्या मातीशी जुळणारे ठिकाण बघून वाण निवडतो. आम्हाला हवे आहे ते हेच. पांढऱ्या ल्युपिनची मुळे तर सायट्रेट सोडून अडकलेला स्फुरद मोकळा करतात, आणि दाण्यात ३० टक्क्यांहून जास्त प्रथिने असतात. त्याचेही काही वाण चाचणीत असावेत. मात्र भातखाचरात नको, पाणी साचलेले त्याला सोसत नाही. कडू वाणांत अल्कलॉइड ही विषारी द्रव्ये असतात, तेव्हा गोडेच वाण आणावेत, तेही राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत, क्वारंटाइन पार करून. ल्युपिन पेरा असे माझे म्हणणे नाही. आमच्या मातीत तोलून पाहा, एवढेच.

निकाल रयत संपर्क केंद्रांवर कन्नडबरोबर मराठीतही लागावेत. भातकापणीआधी जागा ठरल्या तर याच रब्बीत पेरणी होईल. जमीन द्यायला आम्ही तयार आहोत.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक शेतकरी