टाकीचं पाणी आईला चालेल का, हे सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आमच्या ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे जोडायच्या फिरत्या घराची, पाण्याची टाकी स्वच्छ करून दिल्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि मिठाईचा पुडाही परत पाठवलात. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही शिकवलंत ते माझ्यापाशीच राहावं असं मला वाटत नाही.

आईचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालं आहे. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या तिला कायमच्या आहेत. दुसऱ्याचं नुसतं पोट बिघडवणारं पाणी तिला थेट दवाखान्यात नेऊ शकतं. त्यात २०२५ च्या जानेवारीत पुण्यात आपल्या सिंहगड रोडला, नांदेड-किरकटवाडीकडे जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडले आणि दूषित पाण्याचा संशय आला, तेव्हापासून आमच्या घरात पाण्याचा विषय निघाला की सगळे गंभीर होतात. तिला समुद्र बघायचा होता आणि स्वतःचं, घरचं बाथरूम हवं होतं, म्हणून आम्ही वापरलेला ट्रेलर घेतला. नळ सोडला तर कुबट वास आला. अनेकांना विचारलं. "थोडं ब्लीच ओता, होईल," एवढंच उत्तर मिळालं. थोडं म्हणजे किती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही पर्वतीच्या पाणी शुद्ध करणाऱ्या जलकेंद्रातून निवृत्त झालात हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला विचारायला संकोच वाटत होता. तुम्ही मात्र टॉर्च घेऊन स्वतःच खाली आलात. टाकीचं झाकण उघडून आत हात फिरवलात आणि बोटाला लागलेला बुळबुळीत थर मला दाखवलात. "हा थर असेपर्यंत क्लोरीन याच्यावरच खर्ची पडणार, जंतूंपर्यंत पोचणारच नाही. आधी गाळ, मग क्लोरीन." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

मग गिझरचं बटण बंद, गिझर थंड झाल्यावर ड्रेन कॉक उघडून सगळं पाणी बाहेर, दोनदा खळखळून धुणं. फिल्टरचं कार्ट्रिज तुम्ही काढायला लावलंत, कारण त्यातला कार्बन क्लोरीन शोषून घेतो. मी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणून ठेवली होती. विहिरीला ती ठीक, पण तिच्यातला चुना खाली बसतो आणि एवढ्याशा पंपात, शॉवरच्या बारीक भोकांत अडकतो, असं सांगून तुम्ही सुगंध न घातलेलं साधं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच, आणायला पाठवलंत. बाटलीवरची तारीख बघून घ्यायला सांगितलंत, कारण ते उन्हात आणि नुसतं ठेवूनही कमजोर होत जातं.

प्रमाण तर इतकं सोपं करून दिलंत की आता विसरणं शक्य नाही. पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर लिटरला एक मिली. म्हणजे १०० लिटरला १०० मिली, की पाण्यात क्लोरीन होतं लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. गिझर आणि नळ्यांत मावणारं पाणीही त्या हिशेबात धरायचं. आणि ते टाकीत थेट ओतायचं नाही, बादलीभर पाण्यात मिसळून मग ओतायचं. बाथरूममधली अ‍ॅसिडची बाटली तुम्ही आधी उचलून बाहेर ठेवलीत. हायपोक्लोराइटमध्ये अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद ट्रेलरमध्ये तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगरलाही हाच नियम. हे इतक्या स्पष्टपणे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचं मला सगळ्यात जास्त आवडलं. पंप चालू करून एकेक नळ उघडायचा आणि क्लोरीनचा वास आला की बंद करायचा: सिंकचा गार, सिंकचा गरम, बेसिन, शॉवर, फ्लश, बाहेरचा नळसुद्धा. गरम पाण्याच्या बाजूला तुम्ही जास्त वेळ थांबलात. कोमट, साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लेजिओनेला हा जंतू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांबरोबर श्वासावाटे फुप्फुसात जातो, हे ऐकताना मी आईकडे बघत होते. मग टाकी पुन्हा काठोकाठ भरून ट्रेलर सोसायटीच्या रस्त्यावर हळूहळू फिरवायला लावलात, टाकीच्या छतालाही पाणी लागावं म्हणून. पाणी भरायचा पाइपही त्याच पाण्यात बुडवून ठेवलात.

चार तास तरी थांबायचं, फार तर रात्रभर. दिवसेंदिवस ठेवलं तर रबराचे वायसर आणि धातूचे भाग खराब होतात. नंतर ते पाणी झाडांना न घालता ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलं आणि वास जाईपर्यंत ताज्या पाण्याने धूत राहिलो.

शेवटी तुम्ही खिशातून ओटीची (ऑर्थोटोलिडिन, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणारं रसायन) छोटी बाटली काढलीत. नळाच्या पाण्यात थेंब पडले आणि फिकट पिवळा रंग आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा, तो तिथे होता. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, तोंडात जाऊ द्यायचं नाही, हेही बजावलंत. मग आईला म्हणालात, "टाकी स्वच्छ झाली, वहिनी. पण उद्या वाटेत हिच्यात जे पाणी भराल, त्याची हमी ही टाकी देत नाही. प्यायचं पाणी उकळूनच घ्या."

काका, खरं कौतुक मला या वाक्याचं आहे. एवढी मेहनत घेतल्यावर "आता बिनधास्त प्या" म्हणणं किती सोपं होतं. तुम्ही जे खरं होतं तेवढंच सांगितलंत, आणि आईनेही त्यामुळेच विश्वास ठेवला.

ताम्हिणीतून उतरून आम्ही दिवेआगरला गेलो. वाटेत एका ठिकाणी पाणी भरण्याआधी ओटीचे थेंब टाकले, रंग आलाच नाही, तेव्हा तिथलं पाणी घेतलं नाही. आई मजेत परत आली. रोज सकाळी दात घासताना, भाजी धुताना माझ्या मनात धास्ती नव्हती.

पावसाळाभर ट्रेलर उभा आहे, त्यामुळे दिवाळीआधी पुन्हा सगळं करायचं आहे. मोजमाप मी करेन, बादल्या मुलं उचलतील. तुम्ही खुर्चीवर बसून बघा आणि कुठे चुकलं तर सांगा. कर्वेनगरमधल्या एका ताईंनीही कॅराव्हॅन घेतली आहे, त्यांना त्या दिवशी बोलावलं तर चालेल ना? आई चहा करते आहे, आणि या वेळी पुडा परत पाठवायचा नाही, असा तिचा निरोप आहे.

आपली कृतज्ञ,
तळमजल्यावरची शेजारीण