रविवारी संध्याकाळी मेस बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याचं पत्र वाचलं. पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी एकजात बंद असतात, पैसे मात्र पूर्ण महिन्याचे घेतात, निदान आळीपाळीने तरी उघड्या ठेवा, असं त्याचं म्हणणं. 'पोटाला रविवार नसतो' असंही त्याने लिहिलंय. मुलगा लिहितो छान. पण १९८५ ते २०१९ अशी चौतीस वर्षं मी सदाशिव पेठेत मेस चालवली आणि रविवारी संध्याकाळचं ते बंद दार माझंच होतं. म्हणून आतली बाजू कळवते.

आमची मेस म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या. पन्नासेक मेंबर, त्यातले वीस-बावीस डबेवाले. पहाटे साडेचारला उठायचं. एका वेळेला सहा-साडेसहा किलो कणीक, दोनशेच्या वर पोळ्या, आणि हे दोन्ही वेळेला. मुलं त्यांना चपात्या म्हणायची, मी पोळ्या. ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. भाजी, आमटी, भात, वर कोशिंबीर. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि शिरा नाहीतर श्रीखंड. फीस्टला एकही मेंबर खाडा करत नसे. एरवी खाड्यांवरून आमची रोज हुज्जत. सलग चार खाडे असतील तरच पैसे वजा, आणि तेही आदल्या दिवशी सांगितलं असेल तर, असा नियम. मुलं गावाला जाऊन यायची आणि 'काकू, सांगितलं होतं की' म्हणायची.

पहिली दोन वर्षं रविवारी संध्याकाळीही मेस चालू होती, हे त्या मुलाला मुद्दाम सांगते. १९८७च्या श्रावणात एका संध्याकाळी कणीक तिंबता तिंबता मी परातीवरच झोपले. खरोखर झोपले. कपाळाला पीठ लागलेलं, बाहेर पंधरा मुलं ताटं मांडून बसलेली. आमचे हे छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं जुळवायचे. ते कामावरून आले, त्यांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दारावर फळा लागला. अक्षर छापल्यासारखं, कडेने खडूची नक्षीही काढलेली. 'रविवारी संध्याकाळी मेस बंद राहील.' मी म्हटलं, अहो, कारण तरी लिहा, मुलं काय म्हणतील! तर म्हणाले, "कारण लिहिलं की लोक ते खरं आहे का बघायला येतात."

आता सुट्टी मिळाली, पण तिचं करायचं काय? पहिल्या रविवारी मी डब्यांची झाकणं घासत बसले. मग तूर निवडायला घेतली. ह्यांनी हातातलं सूप काढून घेतलं, स्वयंपाकघराला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, चल पर्वतीला. माझं लग्न होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि पर्वतीची टेकडी मी दोनदाच चढले होते, तीही पाहुण्यांना दाखवायला.

एकशे तीन पायऱ्या आहेत. मी मोजल्या, कारण बोलायला काही विषयच नव्हता. भाजीचे भाव आणि गॅसचा नंबर कधी लागेल, एवढ्यात आमचं बोलणं संपायचं. दोन-तीन रविवार असेच गेले. वर जाऊन कठड्याशी बसायचं, खाली शहरात दिवे लागताना बघायचे आणि उतरायचं. चौथ्या का पाचव्या रविवारी ह्यांनी विचारलं, "तुझं माहेरचं नाव तुला आवडायचं का गं?" आमच्या पिढीत लग्नात बायकोचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं की झालं. माझंही असंच बदललं होतं. आवडायचं का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, हो, आवडायचं. तेव्हापासून पर्वतीच्या माथ्यावर ते मला त्या नावाने हाक मारायचे. पायऱ्या उतरलो की पुन्हा 'अगं'. ते नाव काही मी छापायला देणार नाही.

ही सुट्टी आली कुठून, तेही मला ह्यांच्याकडूनच कळलं. १९९०मध्ये एका कामगार संघटनेचं पत्रक त्यांनी जुळवलं होतं, रविवारच्या सुट्टीला शंभर वर्षं झाली म्हणून. खिळे उलटे वाचायची सवय, आणि जे जुळवलं ते डोक्यात पक्कं राहायचं. मला तो रविवार पर्वतीवर सगळं पत्रक तोंडपाठ ऐकावं लागलं. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. मागण्या काय, तर आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. त्यानंतरही सहा वर्षं गेली. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीला रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा झाली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. मी इतके दिवस समजत होते की रविवार साहेबाबरोबर बोटीतून आला आणि आपल्याला फुकटात मिळाला. साहेब चर्चला जायचा, पण गिरणीचा भोंगा रविवारीही वाजायचा. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. त्यांची नावं काय, असं मी विचारलं, तर ह्यांच्या पत्रकात ती नव्हती. मला अजून वाटतं, त्या घरी परतल्या तेव्हा चूल कुणी पेटवली असेल?

आमच्याकडे तरी रविवारी ती ह्यांनी पेटवली. पर्वतीवरून आलो की किल्ली खिशातून निघायची, पण आत जायचे ते एकटेच. मला उंबऱ्याच्या बाहेर पाट. त्यांना येत होती एकच गोष्ट, मुगाच्या डाळीची खिचडी, आणि त्यात दाणे टाकायचे शेवटी आठवायचं, त्यामुळे दाणे कायम कच्चे. बूड लागलेली असायची. पण आयतं ताट पुढ्यात यायचं. दिवसाला चारशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला आयतं ताट म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आली, खिळ्यांचं काम संपलं, हे घरी बसले आणि सायकलवरून डबे पोचवायला लागले. खिचडी मात्र चुकली नाही. दाणेही तसेच.

हे सगळं वाचून त्या मुलाला वाटेल, काकूंची मजा होती. होतीच. पण त्याच्या पत्रातली अर्धी तक्रार खरी आहे, तेही लिहायलाच हवं. आमच्याकडे मराठवाड्यातला एक मुलगा होता, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. दिवाळीत सगळी मुलं गावाला जायची तेव्हाही हा इथेच. रविवारी दुपारी तो फीस्टला बाराएक पुऱ्या खायचा आणि बाकीची मुलं त्याला हसायची. मीही हसायचे. दोन वर्षांनी त्याच्या खोलीतल्या मुलाकडून कळलं की रविवारी बाहेर जेवायला त्याच्याकडे पैसे नसतात. दुपारी भरपूर खातो आणि रात्री पाणी पिऊन झोपतो. त्या रविवारी मी पर्वतीवर गेले, पण मला तिथे बसवेना. आम्ही दोघं दर आठवड्याला ज्या कठड्यावर सुखाने बसत होतो, त्याची किंमत कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन देत होतं.

ह्यांना म्हटलं, उद्यापासून रविवारीही उघडू. ते नाही म्हणाले. बराच वाद झाला, आमचा पर्वतीवरचा एकुलता एक वाद. शेवटी तोड निघाली. फीस्टच्या दिवशी सकाळीच दोन किलोच्या दशम्या जास्त करायच्या, दुधात भिजवलेल्या, म्हणजे रात्रीपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. सगळं एका टोपलीत घालून, वर फडकं टाकून जिन्याखाली ठेवायचं. ज्याला हवं त्याने संध्याकाळी न्यावं, पैसे नाहीत, वहीत नोंद नाही. कोण नेतं ते मी कधी पाहिलं नाही, कारण आम्ही तेव्हा पर्वतीवर असायचो. टोपली सोमवारी पहाटे रिकामी आणि फडकं घडी करून ठेवलेलं. एकदाच त्यात चिठ्ठी होती, 'चटणीत मीठ कमी आहे.'

तेव्हा माझी सूचना अशी की मेसवाल्यांनी दशम्यांची टोपली ठेवावी. महिन्याच्या हिशेबात फार पडत नाही, मी चालवून पाहिलंय. पण आळीपाळीने उघड्या ठेवा, एवढं मात्र म्हणू नका. आळीपाळी म्हणजे कुणाची सुट्टी मंगळवारी, कुणाची गुरुवारी. मंगळवारी घरात माणसं असतात कुठे? नवरा कामाला, पोरं शाळेत. बाई एकटीच तूर निवडत बसेल. आणि हल्ली मोबाईलवर बोट लावलं की रात्री बाराला बिर्याणी दारात येते. ती आणणाऱ्या मुलाचा रविवार कधी असतो, हे जमलं तर त्या विद्यार्थ्याने एकदा त्याला जिन्यात थांबवून विचारावं.

हे २०२१ साली गेले. आता मला सगळेच दिवस सारखे. गुडघ्यांमुळे पर्वती बंद झाली. रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराला कुलूप लावते आणि तासाभराने काढते. शेजारच्या सूनबाईला वाटतं, काकूंना विसरायला होतं.

पत्रलेखकाला माझा पत्ता आपल्याकडून मिळेल. येत्या रविवारी त्याची जेवायची पंचाईत असेल तर त्याने सातच्या सुमारास यावं. मूग आणि तांदूळ खालच्या फडताळात आहेत, दाणे वरच्या फळीवर, माझा हात पोचत नाही. मी उंबऱ्याबाहेर पाटावर बसेन.

आपली,
एक निवृत्त मेसवाली,
सदाशिव पेठ, पुणे