डोळ्यात बसवायचे ते टिकेल का, हे कोण तपासणार?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत मी प्रोजेक्ट असिस्टंट होतो. दृष्टी गेलेल्यांना थोडेफार दिसावे म्हणून डोळ्यात बसवायच्या, दृष्टिपटलाला (डोळ्याच्या मागच्या पडद्याला) विजेचे सूक्ष्म स्पंद देणाऱ्या लवचिक इलेक्ट्रोडच्या पट्ट्या आम्ही बनवत होतो. प्रकल्प तीन वर्षांचा. पट्ट्या मनासारख्या जमायलाच दोन वर्षांहून जास्त गेली. मग शरीरात किती टिकतील ते बघायला त्या मिठाच्या पाण्यात ६७ अंशांवर बुडवून ठेवल्या. सातव्या महिन्यात मुदत संपली आणि वॉटर बाथचे, म्हणजे पाणी ठरलेल्या तापमानावर गरम ठेवणाऱ्या भांड्याचे, बटण मीच बंद केले.

हे पत्र त्या बटणाबद्दल आहे.

पट्टी बनते ती अशी. सिलिकॉनच्या वेफरवर (पातळ चकतीवर) पातळ पॉलिइमाइड, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक, ओतून वेफर गरगर फिरवायचा, थर भट्टीत पक्का करायचा. त्यावर प्लॅटिनमच्या रेषा, वर पुन्हा पॉलिइमाइड. इलेक्ट्रोडच्या जागी ऑक्सिजन प्लाझ्माने खिडक्या उघडायच्या आणि शेवटी सगळा पापुद्रा वेफरवरून अलगद सोडवायचा. जाडी केसापेक्षा कितीतरी कमी. डोळ्याचा मागचा भाग वाटीसारखा खोलगट, तिथे ताठ वस्तू मोठी करून चालत नाही. युरोपात ३८ रुग्णांवर तपासलेल्या, दृष्टिपटलाखाली बसवायच्या ‘प्रिमा’ चिपचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ती सिलिकॉनची असूनही निभावते, कारण ती जेमतेम २ मिलिमीटरची आहे. जास्त भाग व्यापायचा तर पट्टी वळणारी हवी.

वळणाऱ्या पट्टीचा शत्रू म्हणजे ओल. पॉलिइमाइड थोडे थोडे पाणी शोषते, ते धातूच्या कडेपाशी पोचते आणि थर सुटू लागतात. पावसाळ्यात चाळीच्या भिंतीला पोपडे धरतात, तसेच. पाचव्या महिन्यात सूक्ष्मदर्शकाखाली एका इलेक्ट्रोडभोवती मला इंद्रधनुषी वलये दिसली. थर उचलला गेल्याची ती खूण. पुढे ती पसरली असती की तिथेच थांबली असती, हेच तर बघायचे होते. तापमान १० अंशांनी वाढवले की झीज साधारण दुप्पट वेगाने होते असा ठोकताळा आहे. म्हणजे ३७ वरून ६७ वर नेल्यास आठपट. आमचे सात महिने म्हणजे शरीरातली साडेचार वर्षे, तीही ठोकताळा लागू पडला तर. चाळिशीतल्या रुग्णाला साडेचार वर्षे पुरतात का?

माझ्या मामांना रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे दृष्टिपटल हळूहळू निकामी होण्याचा आजार, आहे. आधी रात्री फलाटाची कड दिसेनाशी झाली, आता दिवसाही समोरचा माणूस आवाजावरून ओळखतात. मी कौतुकाने पट्टीचा फोटो वर्णन करून सांगितला, तर म्हणाले, “बसवतील रे, पण बंद पडलं तर जायचं कुणाकडे?”

प्रश्न काल्पनिक नाही. डोळ्यात बसवायच्या, ६० इलेक्ट्रोडच्या ‘आर्गस २’ या यंत्राला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांना ते बसवले गेले. २०१९ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले, पुढच्या वर्षी बहुतेक कर्मचारी कमी केले. यंत्र डोळ्यात राहिले, सुटे भाग आणि दुरुस्ती गेली.

मोतीबिंदूच्या रांगा असताना हे चोचले कशाला, असे कुणी म्हणेल. बरोबरच आहे, त्या रांगांचा एक रुपयाही मला नको. पट्ट्या बनवायची धूळमुक्त खोली, क्लीनरूमही नको, पवईला आयआयटीत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहेच. मागणी त्याहून फारच साधी आहे. मुंबईतल्या एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली, आठ-दहा वॉटर बाथ, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) मोजायचे यंत्र, बॅटरी बॅकअप आणि एक कायम पदावरचा तंत्रज्ञ. कुठल्याही प्रकल्पाची मुदत संपो, तिथली भांडी गरमच राहतील एवढे बघा. आणि आपल्या अखत्यारीतल्या रुग्णालयात असे इम्प्लांट बसवायची परवानगी मागायला कुणी आले, तर कंपनी बुडाल्यावर दुरुस्ती कोण करणार, ते आधी लेखी घ्या.

आमच्या भिजवलेल्या पट्ट्या आता वाळल्या आहेत, तो प्रयोग पुढे चालू करता येत नाही. न भिजवलेल्या तीन शिल्लक आहेत, डबीत, माझ्या खणात.

आपला,
एक माजी प्रकल्प सहायक, मुंबई