बाबा, दुपारी एसी लावा

ती. आई-बाबांस, सा. न.

काल फोनवर आई बोलता बोलता म्हणाली की, बाबा दुपारी एसी लावूच देत नाहीत. आपल्यापायी कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा कशाला जाळायचा, म्हणतात. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुमचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडची वीज मुख्यतः कोळशाचीच. देशाची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दीड टनाचा एसी दुपारी चार तास चालला, तर पाच-सहा युनिटं लागतील, म्हणजे चार किलोच्या आसपास. गाडीत दोन लिटर पेट्रोल जाळलं तरी याहून जास्त होतो. तुम्ही तर सीताबर्डीला जायलाही जयप्रकाश नगरहून मेट्रो धरता. मग नागपूरच्या ४५ अंशांत घामाघूम होऊन बसण्याइतका हा हिशेब मोठा आहे का?

वय झालं की तहान कमी लागते, घामही कमी येतो, त्यामुळे अंग तापतंय हे लवकर कळत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढून अंगातलं पाणी आणखी कमी होतं. तुमची गोळी त्यातली आहे का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. ऊन लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

रात्री कूलरच लावा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याच्यासारखा गारवा नाही, आणि वीज एसीच्या पाव हिश्श्याहूनही कमी. फक्त ताट्या यंदा बदलून घ्या. जुन्या ताट्यांवर क्षारांचा पांढरा थर चढला की पाणी सगळीकडे झिरपत नाही, मधे कोरडे पट्टे राहतात आणि तिथून गरम वारा आत येतो. टिल्लू पंपाची जाळीही साफ करा. समोरची एक खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट कोंदटपणा होतो. दुपारी मात्र एसी २६ वर आणि सोबत पंखा. तापमान एका अंशाने वाढवलं की जवळजवळ ६ टक्के वीज वाचते, म्हणून १८-२० वर नेण्याची गरज नाही.

आता मोठ्या गोष्टीकडे येते. आपल्या गच्चीवर एवढं ऊन पडतं आणि आपण त्यात पापड-कुरडयाच वाळवतो! ३ किलोवॉटचं सोलर बसवलं तर वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिटं मिळतात. वर्षाचा हिशेब केला तर तीन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो. शिवाय दुपारी, नेमक्या एसीच्या वेळीच, ही वीज जास्त तयार होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत एवढ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे. उरलेले पैसे मी भरणार, यावर वाद नको. साधारण ३०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते, तेवढं सकाळी आणि चार वाजता पाहून ठेवा.

आई, तू डाळ भिजवून कुकरला लावतेस, उरलेल्या पोळीचा कुस्करा करतेस, कापडी पिशवी विसरत नाहीस. त्यात मी काय शिकवणार? एकच सुचवते. भाज्यांची देठं, फळांची सालं कचरागाडीत न देता गच्चीवरच्या जुन्या ड्रममध्ये टाक, वर थोडा सुका पालापाचोळा. भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात दबून ते कुजलं की मिथेन निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापवतो. ड्रमला भोकं पाडून हवा खेळती ठेवलीस, तर वासही येणार नाही आणि कढीपत्त्याला खत मिळेल.

दिवाळीला मी विमानाने नाही, पुण्याहून रात्रीच्या गाडीने येतेय. तोवर सोलरचं काम मार्गी लावू. बाबा, गेल्या बारा महिन्यांच्या लाईट बिलांचे फोटो उद्याच पाठवा, किती किलोवॉट लागेल ते त्यावरूनच ठरेल. आणि दुपारी एसी लावलात का, ते मी रोज आईला विचारणार आहे.

तुमची,
मनू