मंत्रिमहोदय, लाइक मोजून माहिती साक्षरता वाढत नाही

माननीय ग्रंथालयमंत्री,
सादर नमस्कार.

ग्रंथपालांना समाजमाध्यमांचे प्रशिक्षण देऊ, त्या कामासाठी वेगळा माणूस देऊ, असे आपण जाहीर केले होते. आले ते परिपत्रक. रोज एक पोस्ट टाका, प्रत्येक पोस्टला वरिष्ठांची पूर्वपरवानगी घ्या आणि महिनाअखेरीस फॉलोअर व लाइकचा तक्ता पाठवा. प्रशिक्षणाचा त्यात उल्लेख नाही, माणसाचाही नाही.

देवघेव, दाखल नोंदवही, नियतकालिकांच्या नोंदी, वाचनकक्षावरची देखरेख हे सगळे उरकून ग्रंथपालाने हे स्वतःच्या फोनवरून करायचे आहे. खाते त्याच्या खासगी नंबरवर उघडले जाते. बदली झाली की ओटीपी जुन्याच नंबरवर जात राहतो, नवा ग्रंथपाल दुसरे खाते उघडतो आणि वाचक बंद पडलेल्या खात्यावर प्रश्न विचारत राहतात. हे टाळायला ग्रंथालयाच्या नावाचे सिमकार्ड आणि कार्यालयीन ईमेल लागतो, निदान दोघांकडे ॲडमिनचे अधिकार लागतात आणि द्विस्तरीय पडताळणीचे बॅकअप कोड, म्हणजे ओटीपी मिळाला नाही तरी खाते उघडून देणारे राखीव आकडे, छापून कुलपात ठेवावे लागतात. एवढेही मिळालेले नाही.

सर्व वाचकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करा, असाही आदेश आहे. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. वाचकाची गोपनीयता सांभाळणे हा आमच्या व्यवसायाचा पहिला नियम आहे, तो आदेशाने मोडायला लावू नका. ब्रॉडकास्ट यादीत नंबर झाकलेले राहतात, पण ज्याने ग्रंथालयाचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला संदेश पोचतच नाही. म्हणून सूचना व्हॉट्सॲप चॅनलवर द्याव्यात, तिथे वाचकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, आणि प्रश्न थेट संदेशात घ्यावेत.

सर्वांत जास्त राग येतो तो परिपत्रकासोबतच्या तयार पोस्टरचा. संकेतस्थळ नीटनेटके असेल आणि पत्त्याच्या शेवटी डॉट ओआरजी असेल तर ते विश्वसनीय, असे त्यात शिकवले आहे. डॉट ओआरजी कोणालाही घेता येते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणीकार आणि २५ विद्यार्थी यांचे वाचन तपासले. इतिहासकार आणि विद्यार्थीही अनेकदा लोगोला आणि मांडणीला भुलले. तथ्यपडताळणीकार मात्र त्या पानावर रेंगाळले नाहीत. त्यांनी नव्या टॅब उघडून, हे संकेतस्थळ चालवते कोण आणि इतर लोक त्याविषयी काय म्हणतात, हे आधी पाहिले. समोर आलेली माहिती अशी पारखता येणे म्हणजे माहिती साक्षरता. शिकवायचे ते हे.

आणि ते पोस्टमधून शिकवता येते. समजा, पुराचा जुना फोटो आजचा म्हणून फिरतो आहे. एका मिनिटाच्या आतली उभी रील करावी: फोनचा स्क्रीन आणि त्यावर चालणारे बोट. फोटो गुगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनात, टाकायचा. निकाल आला नाही तर कडा आणि वर चिकटवलेला मजकूर कापून पुन्हा शोधायचे, कारण त्या मजकुरामुळे शोध भरकटतो. मग सर्वांत जुनी तारीख शोधायची आणि मूळ पानावर जाऊन फोटोखालची ओळ वाचायची. कृत्रिम बुद्धिमत्तेने नवे बनवलेले चित्र असेल तर जुनी प्रत सापडणारच नाही. काही सापडले नाही म्हणजे चित्र खरे, असे नव्हे, हे रीलमध्ये स्पष्ट सांगावे लागते. खोट्या फोटोवर आडवे, मोठ्या अक्षरांत ‘खोटे’ लिहावे, नाहीतर आपल्याच पोस्टचा स्क्रीनशॉट अफवा म्हणून फिरतो. सुरुवात खऱ्या माहितीने करावी. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी मजकूर पडद्यावर हवा, अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी चित्राचे वर्णन हवे. एका पोस्टमध्ये एकच कौशल्य. शेवटी तसाच दुसरा फोटो देऊन, मूळ तारीख शोधून कळवा, असे सांगावे. उत्तरे आली की कोण कुठे अडले ते दिसते, आणि पुढची पोस्ट त्यावरच करायची.

असे काम रोज होत नाही. आठवड्याला एक झाले तरी पुष्कळ. आणि पूर्वपरवानगीची फाईल फिरेपर्यंत अफवा गाव पालथे घालते. ‘सायन्स’ नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. आमच्या हातात मात्र सहीची वाट पाहणारा मसुदा!

साहेब, दुखणे एका परिपत्रकापुरते नाही. फोटोत दिसेल तेवढेच काम मोजायचे, ही सगळ्या व्यवस्थेची सवय झाली आहे. इमारतीचे उद्घाटन मोजले जाते, संदर्भसेवेच्या टेबलामागची रिकामी खुर्ची मोजली जात नाही. वर्षानुवर्षे पदे भरायची नाहीत आणि लोक अफवांवर विश्वास ठेवतात म्हणून भाषणे करायची, हे आम्ही किती दिवस ऐकायचे? लाइक मागितले तर आम्ही सणांची शुभेच्छापत्रे टाकू, तक्ता भरेल आणि कोणी काही शिकणार नाही.

तक्त्यात लाइकऐवजी उत्तर दिलेले प्रश्न, उत्तराला लागलेला वेळ आणि पोस्ट सेव्ह करणाऱ्यांची संख्या घ्या. पूर्वपरवानगी काढून टाका, त्याऐवजी दुसऱ्या ग्रंथपालाने पोस्ट तपासावी. ते चुकीचे पोस्टर मागे घ्या. या कामाचे आठवड्याला किमान चार तास ड्यूटीत धरा. पुढचा तक्ता महिनाअखेरीस द्यायचा आहे, सुधारित आदेश त्याआधी काढा.

आपला,
एक ग्रंथपाल