बाबांचा ट्रान्झिस्टर आणि आर्मस्ट्राँग

प्रिय मित्रा,

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय. बाबांचा तो ट्रान्झिस्टर आठवतो ना, मागचं झाकण रबरबँडने बांधलेला, ज्यावर आपण ओट्यावर बसून कॉमेंट्री ऐकायचो? तो गेल्या रविवारी उघडला. सेलच्या खोक्यात नुसता हिरवा गंज, व्हॉल्यूमचं बटण खरखरत होतं, एक तार सुटलेली. साफसूफ केली, तार सोल्डर केली, सेल घातले आणि पुणे लागलं रे! मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

आत बघ, नखाएवढ्या चौकोनी पत्र्याच्या डब्या असतात, वरच्या स्क्रूला पिवळा, पांढरा, काळा रंग. मेकॅनिक लोक त्यांना आयएफटी, म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर, म्हणतात आणि पहिलं हेच बजावतात की याला हात लावू नका, सेटिंग बिघडेल. या डब्यांच्या मागे कोण आहे ते शोधत गेलो आणि एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हा अमेरिकन रेडिओ इंजिनिअर सापडला, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

न्यूयॉर्कमध्ये १८९० साली जन्मला. १९१२ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकत असतानाच त्याने व्हॉल्व्हमधून (ट्रान्झिस्टरच्या आधी रेडिओत असायची ती काचेची नळी) निघालेला सिग्नल परत त्याच व्हॉल्व्हला देऊन तो कितीतरी पट वाढवून दाखवला. वडील म्हणाले आधी डिग्री घे, पेटंटचं नंतर बघू. मग १९१८ ला महायुद्धात, पॅरिसमध्ये अमेरिकन सैन्यात असताना, आपल्या डब्यांची आयडिया. तेव्हाच्या व्हॉल्व्हना उंच फ्रिक्वेन्सी वाढवताच यायची नाही. हा म्हणाला, येणारा सिग्नल आहे तसा वाढवायचाच कशाला, रेडिओनेच आतल्या आत स्वतःची एक लहर तयार करायची आणि दोन्ही मिसळायच्या, की फरकाएवढी तिसरी मिळते. पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, तेव्हा आतली लहर १२४७, फरक ४५५. सांगलीला काटा नेला, १२५१, की आतलीही सरकून १७०६, फरक परत ४५५च! म्हणजे स्टेशन कुठलंही लावा, त्या डब्यांना कायम एकच फ्रिक्वेन्सी सांभाळायची, म्हणूनच त्या इतक्या चोख काम करतात. याला सुपरहेटरोडाइन म्हणतात. याचाच पोर्टेबल सेट स्वतः बनवून त्याने १९२३ मध्ये लग्नात बायकोला, मॅरियनला दिला. ती आरसीए या बड्या रेडिओ कंपनीतल्या डेव्हिड सार्नॉफ साहेबाची सेक्रेटरी होती. हा सार्नॉफ त्याचा दोस्त, ते लक्षात ठेव.

पहिल्या शोधावर, तो सिग्नल परत फिरवायचा, ली डी फॉरेस्ट नावाच्या दुसऱ्या संशोधकाने हा माझाच म्हणून दावा लावला होता. तो वर्षानुवर्षं चालून १९३४ ला सुप्रीम कोर्टात आर्मस्ट्राँग हरला. त्याच शोधासाठी रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने त्याला मेडल दिलेलं होतं, ते परत करायला तो त्यांच्या अधिवेशनात गेला. संस्थेने घेतलं नाही. मेडल तुझंच आहे म्हणून भर सभेत सांगितलं आणि सगळे इंजिनिअर उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. कोर्टाला कळलं नाही ते हाताने काम करणाऱ्यांना कळलं होतं, हे वाचताना मला भरून आलं.

तोवर त्याने एफएम, म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन, तयार केलं होतं. पावसाळ्यात वीज चमकली की आपला रेडिओ कडकड करायचा ना? वीज लहरीची उंची हलवते आणि एएममध्ये, म्हणजे आपल्या ट्रान्झिस्टरच्या जुन्या पद्धतीत, आवाज त्या उंचीतच असतो. आर्मस्ट्राँगने आवाज फ्रिक्वेन्सीच्या चढउतारात भरला आणि त्यासाठी फ्रिक्वेन्सीचा पट्टा मुद्दाम रुंद घेतला, जे तेव्हाचे गणितवाले फायद्याचं मानतच नव्हते. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या सभागृहात त्याने ते ऐकवलं. दूर यॉंकर्समध्ये त्याच्या मित्राच्या घरी कोणीतरी ग्लासात पाणी ओतलं, कागद चुरगळला, आणि इथे बसलेल्यांना पाणी पाण्यासारखं ऐकू आलं. नुसतं पाणी रे, पण रेडिओवर तसं कोणी ऐकलंच नव्हतं.

सार्नॉफचा सगळा धंदा एएमवर उभा, आणि त्याला टीव्ही आणायचा होता. त्याने एम्पायर स्टेट बिल्डिंगमधून आर्मस्ट्राँगची यंत्रं हलवायला लावली. याने हडसन नदीकाठी अल्पाइनला स्वतःच्या पैशाने ४२५ फुटी टॉवर उभारला, तो अजून उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात एफएमची पेटंटं सैन्याला फुकट वापरू दिली. आणि १९४५ मध्ये सरकारने एफएमचा बँडच ४२-५० वरून उचलून ८८-१०८ मेगाहर्ट्झला नेला, लोकांच्या घरातले लाखो सेट एका फटक्यात निकामी! आरसीएने त्याआधी दहा लाख डॉलर देऊ केले होते, पण रॉयल्टीऐवजी एकरकमी, ते त्याने नाकारलं होतं. मला ते बरोबरच वाटतं. बाकीचे रॉयल्टी देत होते, मग यांनाच का सूट?

१९४८ ला त्याने एफएमच्या पेटंटवरून आरसीएवर केस केली. ती इतकी लांबवली की पैसे संपत आले, तब्येत गेली, शेवटी घरातही भांडण होऊन मॅरियन बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री तिच्या नावाने माफीचं पत्र लिहून ठेवून त्याने जीव दिला. या ओळीवर मी परत परत अडकतोय.

पण मॅरियन थांबली नाही. आरसीएशी तडजोड झाली, बाकीच्या कंपन्यांशी ती एकेक करत लढत राहिली आणि शेवटची, मोटोरोलाविरुद्धची केस १९६७ मध्ये जिंकली. नवरा गेल्यावर तेरा वर्षं! तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवलाय, रोज सकाळी लावतो. झाकण अजून बसवलं नाहीये. दिवाळीला येशील तेव्हा त्या डब्या तुला दाखवायच्यात, मग रबरबँड तूच बांध.

तुझाच